मक्त्याने घेतलेली हिरवळ

होळीनंतरचा सोमवार होता. रक्कम पाचशे एक रुपये. हजर होतो तिघं: अकोल्याच्या हॉटेल धवलगिरीचे मॅनेजर पेंडसे, माझे बाबा आणि मी. शिवाय आमची फुलकोबीची टोपली. बाबांनी ती दाराबाहेर ठेवायला नकार दिला होता, त्यामुळे ती ऑफिसातल्या गालिच्यावर, पेंडसे साहेबांच्या बुटांपासून हातभर अंतरावर, पाणी गाळत बसली होती. पाचशे रुपये हिरवळीच्या भाड्याचे आणि वरचा रुपया शुभाचा. पेंडसे साहेबांनी वरचा रुपया बोटानं परत सरकवला. "आमच्याकडे राउंड फिगर असते," ते म्हणाले. बाबांनी तो उचलून पुन्हा नोटांवर ठेवला. "पोरीचं साक्षगंध आहे साहेब," ते म्हणाले, "हॉटेलाचं लाइटबिल नाई भरून राहिलो मी."

पुण्यामुंबईकडे ज्याला साखरपुडा म्हणतात त्याला आम्ही वऱ्हाडात साक्षगंध म्हणतो, आणि ते माझं होतं. धवलगिरीचा हॉल आम्हाला परवडणारा नव्हता. पेंडसे साहेबांनी त्याचा दर सांगितला तेव्हा मी मनातल्या मनात त्याला फुलकोबीच्या भावानं भागलं आणि बाबांच्या कोपराला हळूच हात लावला. मी तेव्हा कॉमर्स कॉलेजात होते आणि व्यवहाराला बाबा मला सोबत नेत. मग हॉटेलच्या पुढची हिरवळ ठरली.

"लॉन सहा ते नऊ," पेंडसे साहेब म्हणाले. "तीन तास लॉन तुमचा."

"आमचा मंजे आमचाच?"

"तुमचाच. दुसरं कोणी येणार नाही."

"अन् जेवणाचं आमी पाहून घेऊ."

"उत्तम," पेंडसे साहेब म्हणाले.

पेंडसे साहेब समजले की ही माणसं पेढा आणि सरबतावर भागवणार. बाबा समजले की त्यांनी ती जमीन तीन तासांच्या मक्त्यानं घेतली. आमच्याकडे शेत मक्त्यानं घेतात म्हणजे ठरलेली रक्कम आधी मोजतात आणि वर्षभर ते शेत कसणाऱ्याचं होतं. मालक बांधावर येऊन रामराम करू शकतो, पण तूर काहून पेरली, ज्वारी काहून नाही, असं विचारू शकत नाही. बाबांनी आयुष्यभर तीन एकर स्वतःची आणि दोन एकर मक्त्याची अशी पाच एकर जमीन केली. भाड्यानं जागा घेण्याचा दुसरा कुठला प्रकार असतो हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. दोघं खूश होऊन उठले. पुढचं सगळं या दोन समजुतींतून झालं आणि त्यात चूक कोणाची यावर मी आजही पेंडसे साहेबांशी भांडायला तयार आहे.

धवलगिरी हे नाव हिमालयावरून पडलं नव्हतं. हॉटेल बांधणाऱ्या शेठजींची जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरी होती, गाव तिला गिरणीच म्हणे. हंगामात तिच्या आवारात सरकी काढलेल्या रुईचे ढीग लागत, ते दुरून बर्फाच्या डोंगरासारखे दिसत, म्हणून ते नाव. त्याआधी मुंबई-अहमदाबादचे कापूस घेणारे अकोल्यात आले की त्यांना धर्मशाळेत किंवा स्टेशनावर रात्र काढावी लागे, आणि उकाड्यानं वैतागलेला माणूस भाव पाडून मागतो असं शेठजींचं मत होतं. म्हणून त्यांनी गिरणी आणि स्टेशन यांच्या मधे हे हॉटेल उभं केलं. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतील असा पोर्च, पांढराशुभ्र चुना, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, जेवायच्या वेळी वाजणारी पितळी तास. हंगामात शहराच्या हवेत कापसाचे तंतू तरंगत. ते सगळ्यांच्या केसांवर बसत, पण धवलगिरीच्या पायऱ्यांवर बसू नयेत म्हणून दोन माणसं दिवसभर झाडू घेऊन उभी असत. गिरणीचा भोंगा झाला की आधी कामगारांचे लोंढे त्या फाटकावरून जात आणि मग हॉटेलची तास वाजे. मला लहानपणी वाटायचं की सगळं गाव भोंग्यावर जेवतं आणि धवलगिरी गावावर.

शेठजींना हिरवळ हवी होती. मुंबईहून आणलेलं गवत अकोल्याच्या वैशाखात जळून गेलं, दुसऱ्या वर्षी पुन्हा जळालं. तेव्हा बाबांचं नुकतंच लग्न झालं होतं. मळ्यातली हरळी खणून बांधावर टाकताना शेठजींच्या माणसानं त्यांना पाहिलं आणि विचारलं की हे गवत मरत नाही का. बाबा म्हणाले, "मेलं असतं तं माही कंबर कायले मोडली असती?" मग बाबा आणि माय दोघांनी मोर्णेच्या काठावरून पोत्यांनी हरळी आणून धवलगिरीच्या पुढच्या आवारात काडी काडी लावली. शेतकरी जिला आयुष्यभर शिव्या घालतो ती त्यांनी मजुरी घेऊन लावली, याचं हसू मायला पुढं कितीतरी वर्षं येत असे. हिरवळ धरली. शेठजींनी खूश होऊन हॉटेलला भाजी आणि फुलं पुरवायचं काम बाबांना दिलं. फाटक मात्र मागचं. मोर्णेपलीकडच्या आमच्या मळ्यातून रोज सकाळी सायकलवर दोन टोपल्या निघत, हॉटेलच्या उकिरड्याशेजारच्या लोखंडी फाटकातून आत जात आणि रिकाम्या होऊन परत येत. आपण लावलेली हिरवळ माय-बाबांनी त्यानंतर रस्त्यावरूनच पाहिली.

आमचं घर मळ्यातच होतं. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, पडवीत फुलांचा ढीग. उजाडायच्या आधी विहिरीवरची मोटर सुरू होई आणि तिच्या घरघरीत आम्ही जागे होत असू. निशिगंध, शेवंती, झेंडू, जो हंगाम असेल ते. माय हार गुंफता गुंफता चुलीवरच्या भाकरीकडे लक्ष ठेवी. तिच्या बोटांना झेंडूचा वास असे आणि तो भाकरीला लागे. आजही मला झेंडूच्या वासानं भूक लागते. एकदा हॉटेलच्या एका वेटरनं बाबांना किटलीभर टमाट्याचं सूप दिलं. आम्ही ते वाटीवाटीनं प्यायलो. मायनं एक घोट घेतला, विचार केला आणि म्हणाली, "टमाटे आपलेच आहेत. पण त्याईनं मारून टाकले बिचाऱ्याइले."

माझी सोयरीक अमरावतीला जुळली. मुलगा सरकारी नोकरीत होता. त्याचं नाव मी लिहीत नाही, त्यानं माझं काही वाईट केलं नाही आणि चांगलंही. त्याचे वडील बँकेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना नानासाहेब म्हणत. राजापेठेत घर, घराला गच्ची, गच्चीवर कुंड्या. पूर्वी त्यांच्याकडेही मळाच होता, पण ते बोलताना 'आमचं फार्म' म्हणत. हुंडा मागितला नाही, हे त्यांच्या बाजूनं नोंदवायला हवं. मागितलं ते एवढंच: साक्षगंध धवलगिरीत झालं पाहिजे. "आमच्याकडचे लोक येतील," ते म्हणाले. "त्यांना कळलं पाहिजे की अकोल्यात आपण कुठं आलो." बाबा म्हणाले, "धवलगिरी तं आपल्या घरचंच आहे." नानासाहेबांना ते आवडलं. बाबा सरळ अर्थानं बोलले होते.

मधे मायचा नवस होता. माझी सोयरीक जुळावी म्हणून तिनं मळ्याच्या बांधावरच्या मारुतीला रोडगे बोलले होते. रोडगे म्हणजे जाड्या कणकेचे, आत थर दिलेले गोळे. ते गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फडक्यानं राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. आमच्या घरात या नवसाची रीत अशी की काम जिथं पुरं होईल तिथंच रोडगे भाजायचे, तिथंच पंगत बसवायची आणि एकही रोडगा त्या जागेबाहेर न्यायचा नाही. साक्षगंध मळ्यात झालं असतं तर कोणाला कळलंही नसतं. आता ते धवलगिरीत होतं. मायनं एकदाच विचारलं, "तेथी जाळ करू देतीन काय?" बाबांनी पाचशे एक रुपयांचा व्यवहार तिला सांगितला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "इच्यासमोर बोलला तो. तीन तास आपली." मायचं समाधान झालं. मीही काही बोलले नाही, कारण मलाही ते तसंच वाटलं होतं. कॉमर्स कॉलेजात मक्ता शिकवत नाहीत, पण मी बाबांच्या घरात वाढले होते.

पाडव्यानंतरच्या त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा सगळे पुढच्या फाटकातून आत गेलो. मायनं चपला बाहेर काढल्या, कारण हिरवळीवर चपला घालून चालायची तिला हिंमत होईना. मी दटावल्यावर तिनं त्या पुन्हा घातल्या आणि चार पावलांनी पुन्हा काढल्या. "लावताना अनवाणीच होतो आमी," ती म्हणाली. दिवे लागले होते. हॉटेलनं खुर्च्या मांडल्या होत्या, पांढऱ्या खोळी घातलेल्या. वरच्या सज्जात हंगाम संपत आला तरी मागं राहिलेले तीन-चार कापूसवाले वेताच्या खुर्च्यांत बसून वर्तमानपत्रानं वारा घेत होते. गोवऱ्यांची हातगाडी सायकलबरोबर रोजच्या सवयीनं मागच्या फाटकातून आत आली आणि भाजीचा माल समजून कोणी अडवली नाही. हिरवळीच्या कोपऱ्यात, रातराणीच्या आळ्याजवळ, मायनं आणि माझ्या मावशीनं गोवऱ्या रचल्या. वांग्याची भाजी घरून शिजवून आणली होती. कणीक भिजवलेली होती.

अमरावतीची मंडळी दोन मोटारींनी आली. नानासाहेबांनी पोर्चकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं, आपल्या मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय, म्हटलं नव्हतं?" सरबत झालं. मला पाटावर बसवलं. समोर ताट, ताटात साडी, खण, नारळ, कुंकवाची कुयरी. नानासाहेबांच्या बहिणीनं कुंकवात बोट बुडवलं आणि तेवढ्यात धूर आला. गोवरीचा धूर सुरुवातीला जाड असतो, पांढरा आणि आळशी. तो हिरवळीवरून सरपटत आला आणि खुर्च्यांच्या पांढऱ्या खोळींमधून फिरला. सज्जातला एक कापूसवाला उभा राहून म्हणाला, "अरे, कुछ जल रहा है क्या?"

पेंडसे साहेब पायऱ्या उतरून आले ते जवळजवळ धावतच. "हे काय चाललंय? शेण जाळताय तुम्ही? इथं?"

"गोवऱ्या आहेत," बाबा म्हणाले. "वाळलेल्या. दहा मिनिटात धूर बसते, मंग नुसता निखारा."

"विझवा आधी!"

"काहून?"

"काहून म्हणजे? हा लॉन आहे!"

"हो ना. नऊ वाजेपर्यंत आमचा आहे. तुमीच बोलले. मक्त्यानं घेतल्या जाग्यात मालक नांगराचं तास धरायले येत नाई साहेब. नऊ वाजता या, जागा झाडून देतो."

पेंडसे साहेबांना यातलं अर्धं कळलं नसावं. त्यांनी टाळी वाजवली आणि दोन नोकर पाण्याच्या बादल्या घेऊन आले. तेव्हा नानासाहेब उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज त्यांनी चढवला नाही. "विझवा तुम्ही, मॅनेजर," ते म्हणाले. "आम्हाला याची कल्पना नव्हती." मग बाबांकडे वळून, "अहो, हॉटेलात या म्हटलं होतं. तुम्ही तर मळाच सोबत घेऊन आले. माझी माणसं बसली आहेत इथं. एक तर हे विझेल, नाहीतर आम्ही उठू."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना जन्मात कोणापुढं नमताना मी पाहिलं नव्हतं, पण त्या क्षणी माझ्यासाठी ते नमायला निघाले होते. त्यांचे खांदे उतरले आणि ते मायला म्हणाले, "शालूची माय, राहू दे वं. मारुती समजून घेईन." माय निखाऱ्याशी बसलेली. तिच्या हातात चिमटा होता. तिनं माझ्याकडे पाहिलं. तो निर्णय त्या दोघांनी माझ्या पाटावर आणून ठेवला होता.

त्या वेळी मी काय विचार केला असं मला माझ्या मुलीनं विचारलं होतं. मी हिशेब केला, हे खरं उत्तर आहे. आज जाळ विझवला तर उद्या मायचं लुगडं बदलावं लागेल, परवा तिनं 'मंजे' म्हणणं सोडावं लागेल, आणि राजापेठेच्या त्या गच्चीवर माझे आई-बाप येतील तेव्हा मागच्या जिन्यानं येतील. समोर एक नोकरीवाला मुलगा होता, जो अजून एक शब्दही बोलला नव्हता. बेरीज जमेना. मी पाटावरून उठले आणि जाऊन बादल्या आणि निखाऱ्याच्या मधे उभी राहिले. नवी साडी होती, धुरानं डोळे चुरचुरत होते.

"पाणी टाकायचं असंन तं माह्यावर टाका," मी त्या नोकरांना म्हणाले. ते दोघं आमच्या ओळखीचे होते, रोज टोपल्या उतरवून घेणारे. त्यांनी बादल्या खाली ठेवल्या आणि आकाशाकडे पाहिलं. "नानासाहेब, तुमाले धवलगिरी पायजे होतं. हेच धवलगिरी. नऊ वाजेपर्यंत आमचं आहे. रोडगे झाले की पंगत बसते, तुमाले पहिलं ताट."

"मुलगी फार बोलते," नानासाहेबांची बहीण म्हणाली. तिच्या बोटाला कुंकू तसंच होतं.

"बोलते," माय चिमट्यानं गोवरी सारत म्हणाली. "आमीच शिकवलं."

नानासाहेब फाटकाकडे निघाले तसा तो मुलगाही उठला. मी त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्यानं हाताच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन मोटारी फाटकातून बाहेर गेल्या तेव्हा निखारा चांगला धरला होता आणि धूर, बाबांनी सांगितल्याप्रमाणे, बसला होता.

आता प्रश्न रोडग्यांचा होता. दोन मोटारींची माणसं धरून कणीक भिजवलेली, आणि एक रोडगा बाहेर न्यायचा नाही. मावशी रडायला लागली. माय तिला म्हणाली, "रडजो घरी जाऊन. आता झटक." तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. बाबा फाटकावर जाऊन उभे राहिले आणि सुटलेल्या पाळीच्या लोकांना हाका मारू लागले, "या हो, जेवाले या! नवसाचे रोडगे आहेत! पुढच्याच फाटकातून या!" आधी कोणी येईना. धवलगिरीच्या पुढच्या फाटकातून गिरणीचा माणूस आत गेल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. मग एक हमाल आला, डोक्याला रुई चिकटलेली, मग चौघं, मग पंगत झाली. पेंडसे साहेबांनी हिरवळीवरचे दिवे बंद करायला लावले. आम्ही निखाऱ्याच्या उजेडात जेवलो. सज्जातला तो कापूसवाला, मघाशी धुराला भ्यायलेला, धोतर सावरत खाली आला आणि बाबांना म्हणाला, "पटेल, जगह है क्या?" बाबा म्हणाले, "बसा ना शेठ, मातीच आहे." तो हिरवळीवर मांडी घालून बसला आणि तुपाची धार थांबवण्यासाठी त्यानं हात आडवा केला नाही.

पोर्चमधल्या घड्याळात नऊ वाजले तेव्हा बाबा उठले. राख भरली, पत्रावळी भरल्या, पाणी शिंपडलं. निखाऱ्याखाली घमेल्याएवढ्या तीन-चार जागी हरळी करपली होती, तेवढीच. जाताना मावशीनं दबक्या आवाजात विचारलं की सोयरीक तर मोडली, मग नवस पुन्हा बोलावा लागेल का. मायनं थोडा विचार केला. "नवस जुळण्याचा होता," ती म्हणाली. "टिकण्याचा नोयता. फिटला."

लोक बोलले. वर्षभर तरी बोलले. दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं, मळ्यात, आणि ज्यांच्याशी झालं ते त्या संध्याकाळी धवलगिरीत नव्हते. अनेकांना वाटतं की ते त्या पंगतीत असावेत. नव्हते. ते तेव्हा बडनेऱ्याला होते आणि कथेच्या सोयीसाठी मी त्यांना तिथं आणून बसवणार नाही.

धवलगिरीचं म्हणाल तर ते पुढं दहा-बारा वर्षं कसंबसं चाललं. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, जिनिंग शहराबाहेर गेलं, कापसाचे सौदे फोनवर व्हायला लागले आणि वाळ्याच्या पडद्यांत राहायला कोणी येईना. खोल्या बंद झाल्या. पितळी तास कोणी नेली ठाऊक नाही. माझा मुलगा नांदगाव पेठेला एका कापड कारखान्यात आहे. त्यांच्याकडे पाहुणे आले की त्यांना हायवेवरच्या काचेच्या हॉटेलात उतरवतात, तिथं सगळ्या खिडक्या बंद असतात आणि कापूस कुठल्या बाजूला पिकतो हेही दिसत नाही. पण धवलगिरी मेलं नाही. शेठजींच्या नातवानं दर्शनी भिंतीवर मोठी पाटी लावली आहे: धवलगिरी लॉन्स. मागच्या वर्षी मुलीच्या साक्षगंधासाठी आम्ही चौकशीला गेलो. तिथल्या मुलानं नियम सांगितले. आचारी तुमचा, भांडी तुमची, जागा संध्याकाळभर तुमची. मी विचारलं, "रोडगे भाजायले जाळ केला तं चालते काय?" तो म्हणाला, "चालते ना काकू. सगळेच करतात. राख तेवढी उचलून न्या." बाबा असते तर त्याला म्हणाले असते की हा नियम मी आधीच ठरवला होता. त्या हॉटेलच्या बावीस खोल्या, पोर्च आणि सूप यांतलं आज काहीच चालत नाही. चालतं ते एकच: मक्त्यानं दिलेली हिरवळ. अकोल्यात या धंद्याचा पहिलं गिऱ्हाईक माझा बाप होता.

त्या वेळचं राहिलेलं सांगते. दुसऱ्या दिवशी पेंडसे साहेबांनी आमची भाजी बंद केली आणि हिरवळीच्या नुकसानीचे दोनशे रुपये मागितले. बाबांनी निरोप पाठवला की हरळी जळत नाही, पंधरा दिवस थांबा. पेंडसे साहेब थांबले नाहीत. शेणाच्या राखेची त्यांना इतकी किळस आली की त्यांनी तो सगळा कोपरा मुळासकट खणून काढला. बाबा टोपल्या घेऊन भाजी बाजारात बसू लागले. तिथं भाव रोज पडायचा आणि संध्याकाळी उरलेला माल गाईंना घालावा लागायचा. चैत्रापासून आषाढापर्यंत आम्ही दिवस ओढगस्तीत काढले. दोनशे रुपये मात्र बाबांनी दिले नाहीत.

आषाढात, जमीन चांगली ओली झाल्यावर, शेठजी हॉटेलात आले. वय झालं होतं, काठी लागत होती. त्यांनी हिरवळीचा खणलेला कोपरा पाहिला आणि बाबांना बोलावणं पाठवलं. आम्ही तिघं गेलो, पुढच्या फाटकातून. शेठजी पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले होते, शेजारी पेंडसे साहेब.

"पुन्हा लावून दे," शेठजी म्हणाले. "आणि भाजी चालू कर."

"भाजी करतो," बाबा म्हणाले. "गवत नाई लावत. माही लावलेली तुमी उपटली."

शेठजींना असं उत्तर ऐकायची सवय नव्हती. मग माय पुढं झाली. "मी लावतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही असंच बोलतात. "मी अन् शालू. दोन दिवस लागतीन. मजुरी बाप्याची घेईन."

"बायकांचा दर वेगळा आहे," पेंडसे साहेब म्हणाले. तो खरोखरच वेगळा होता, बाप्याला वीस आणि बाईला बारा.

"गवताले मालूम पडते काय, कोनं लावलं ते?" माय म्हणाली. "अन् पैसे येथीच घेईन. ह्या पायऱ्यावर. मांगच्या फाटकात नाई."

शेठजींनी काठी खणलेल्या कोपऱ्याकडे केली. मग म्हणाले, "लाव."

आम्ही मोर्णेच्या काठावरून हरळी आणली आणि दोन दिवस गुडघ्यावर बसून काडी काडी लावली. मायला ती जागा पाठ होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात धुऊन आम्ही पोर्चच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलो. शेठजींनी खिशातून नोटा काढल्या. चाळीस मायच्या हातावर ठेवले, चाळीस माझ्या. माझी ती पहिली कमाई. मी हात मिटला. मायनं मिटला नाही.

"काय राहिलं?" शेठजींनी विचारलं.

"वरचा रुपया," माय म्हणाली.

शेठजींना कळेना. पेंडसे साहेबांना कळलं. त्यांनी थोडा वेळ हिरवळीकडे पाहिलं, मग पँटच्या खिशात हात घातला.

तेव्हा एकूण दिले गेले ते एक्याऐंशी रुपये. चाळीस मला आणि चाळीस मायला, शेठजींकडून, रोख, धवलगिरीच्या पुढच्या पायऱ्यांवर. आणि एक रुपया पेंडसे साहेबांच्या स्वतःच्या खिशातून, माझ्या मायला.